हिराजीदादांच्या अंगातलं मीठ

एप्रिल लागला की लोक आंब्याची चौकशी करतात आणि मी जिभांची. "जीभ दाखवा" हे वाक्य त्या दिवसांत तोंडात इतकं बसलेलं असतं, की एकदा घरी जेवायला वाढताना मी ते नवऱ्याला म्हणून गेले. त्याने मुकाट्याने दाखवली. परिचारिकेशी इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस कारण विचारत नाही. जीभ बरी होती. थोडी कोरडी वाटली म्हणून मी ताक पुढे सरकवलं आणि आम्ही जेवलो.

आमच्या किनाऱ्यावरचा उन्हाळा मोठा लबाड आहे. देशावर ऊन सरळ डोक्यात काठी घालतं. इथे तसं होत नाही. इथे समुद्राचा वारा गालाला लागत असतो, माडाची सावली असते, आणि माणूस त्या भरवशावर बसलेला असताना अंगातून घाम गळत राहतो. तो वाळतही नाही, कारण हवाच ओली. साडी पाठीला चिकटते, चष्मा नाकावरून घसरतो, आणि अंगातलं पाणी नि मीठ कधी निघून गेलं ते कळत नाही. मग संध्याकाळी कुणीतरी चक्कर येऊन पडतं आणि आमच्याकडे येतं. आमचं छोटं रुग्णालय खाडीकडे पाठ करून उभं आहे, मागच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. त्या दिवसांत मिठाच्या पांढऱ्या राशी इतक्या चमकतात की दुपारी पडदा लावावा लागतो, नाहीतर इंजेक्शन देताना डोळे दिपतात.

येणाऱ्यांचे प्रकार आता मला दारातूनच ओळखू येतात. किहीम-नागावला सुट्टीला आलेली मंडळी लालबुंद होऊन येतात. त्यांनी दिवसभर पाण्यात खेळून पाणी सोडून बाकी सगळं प्यायलेलं असतं. रेवदंड्याकडून मासळी सुकवणाऱ्या बायका येतात, त्या स्वतःच्या पायांनी येतात आणि आधी आम्हालाच विचारतात की तुम्ही जेवलात का. आणि लग्नसराईचे पाहुणे येतात, एका वरातीतले सगळे एकदम, एकच तक्रार घेऊन. तेव्हा आमच्या संडासाबाहेर लग्नाच्या पंगतीपेक्षा मोठी रांग लागते.

आमच्या धंद्याची गंमत अशी की पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला चिमटा काढायची मुभा असते. कातडी चिमटीत धरायची, सोडायची आणि ती किती चटकन खाली बसते ते बघायचं. चटकन बसली तर अंगात पाणी आहे. तशीच उभी राहिली तर गडबड आहे. म्हाताऱ्या माणसांच्या हाताला चिमटा काढून उपयोग नसतो, त्यांची कातडी वयानेच सैल झालेली असते, म्हणून आम्ही कपाळाला नाहीतर छातीच्या हाडावर काढतो. एका आजींना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काढ बाय, नवरा गेल्यापास्नं कुनी चिमटा काढला न्हाय."

आणि मीठ-साखर-पाणी. ट्रेनिंगमध्ये आमच्या मॅडमनी शिकवलं होतं, घरी केलेलं पाणी आधी स्वतः चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. हे मी सगळ्यांना सांगते. आमच्या मिठागरांच्या गावांत मात्र ते सांगताना छातीत धडधडतं, कारण तिथली चिमूट म्हणजे बाकीच्यांची मूठ. शिवाय शहाळ्यांचा उच्छाद. या किनाऱ्यावर आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळं नेलं नाही तर माणूस भांडायला आला असं समजतात. मूत्रपिंडाच्या आजारात शहाळ्यातलं पोटॅशियम चालत नाही, हे सांगायला गेलं की नातेवाईक माझ्याकडे असं बघतात, जणू मी त्यांच्या माडाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवलेत.

हे सगळं दर उन्हाळ्याचं. पण मिठागरं पांढरी झाली की मला आठवतो तो हिराजीदादांचा उन्हाळा.

हिराजीदादा आमच्याकडे आले ते डंपरमधून. त्यांचे मेहुणे जनार्दनमामा यांचा डंपर, भरावाची माती वाहणारा. केबिनमध्ये मधोमध दादा, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला दादांची बायको पार्वतीकाकी, आणि काकींच्या मांडीवर पाण्याचा तांब्या. दादा उतरले ते धडपडतच. पाय भलतीकडे पडत होते. उंच, काळेसावळे, उन्हाने चामडं झालेले गृहस्थ. मिठागरात उभ्या हयातीत फावडं मारलेल्या माणसाची पावलं असतात तशी पावलं, भेगाळलेली आणि रुंद. मी हात धरला तर त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

"या, या. जेवून जायचं," म्हणाले.

काकी तिथेच भिंतीला टेकून रडायला लागल्या. मी विचारलं, काकी, काय काय होतंय यांना? काकी म्हणाल्या, "आधी मळमळ, मग डोकं दुखतंय बोलले. मग झोपूनच. परवापास्नं भलतंच बोलतात. कोन आयलं कोन न्हाय कलत न्हाय. आनि मना..." त्यांना पुढे बोलवेना. मामांनी वाक्य पुरं केलं, "तिला मावशी बोलतात."

तेवढ्यात दादांनी काकींकडे बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "मावशी, तुम्हाला तरास नसंल तर जरा पानी द्याल काय?"

काकींनी डोक्याला हात लावला. "ऐकलंत? लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं मला 'द्याल काय' केलं न्हाय. भूत लागलं तरी एवढं गोड बोलायचा न्हाय आमचा मानूस. ह्यो माझा नवरा न्हाय, सिस्टर. माझा नवरा मना परत द्या."

भुताचा संशय घरात आधीच येऊन गेला होता. दादांच्या अंगावरून लिंबू उतरवून झालं होतं, ते लिंबू चुकून मामांनी सरबतात पिळलं होतं, त्यामुळे मामाही जरा घाबरलेले होते. मी त्यांना सांगितलं, लिंबाने तुम्हाला काही होणार नाही, आता बाजूला व्हा आणि मला बघू द्या.

बघितलं. जीभ ओली. कपाळाचा चिमटा चटकन खाली बसला. पायाला सूज नाही. म्हणजे पाणी कमी पडलेलं नव्हतं, उलट भरपूर होतं. ताप नाही, साखर ठीक, दोन्ही हातांत जोर सारखा. बोलणं तेवढं धुक्यातून आल्यासारखं. अशा वेळी माणसाला तपासून झालं की त्याच्या ताटाला तपासायचं, ही माझी पद्धत. मी काकींना विचारलं, काय खातात, काय पितात, गोळ्या कोणत्या.

गोळी निघाली रक्तदाबाची, लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी. पाणी? काकी म्हणाल्या, कळशी उशाशी असते. उन्हाळ्यात पाणी प्या, पाणी प्या, असं सगळीकडे सांगतात म्हणून. आणि मीठ?

काकींनी मामांकडे बघितलं. मामांनी जमिनीकडे बघितलं. घरातलं काही झाकलेलं उघडं पडावं तसे दोघांचे चेहरे झाले.

"सोडलंय," काकी म्हणाल्या. "दिवाळीपास्नं."

हिराजीदादा मिठागरवाले तर होतेच, पण त्यांची खरी ओळख दुसरीच होती. आसपासच्या गावांत ते 'मीठ बघणारे' म्हणून माहीत होते. आमच्याकडे हळदीला मटणाचे मोठाले टोप चढतात, एकेका टोपात माणूस बसून आंघोळ करील एवढे. आचारी बाकी सगळं करतो, मसाला, वाटण, जाळ, पण मिठाचा शब्द त्याचा नसतो. हिराजीदादांना बोलावणं जातं. दादा येतात, पायातल्या चपला काढतात, तळहातावर रस्सा घेतात, चाटतात, डोळे मिटतात. मग एकतर मूठभर मीठ सोडतात, नाहीतर 'ठीक' म्हणून मान हलवतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय टोपावर झाकण पडत नाही. आख्ख्या मांडवाची भूक दादांच्या जिभेवर खोळंबलेली असते.

हीच जीभ घरी मात्र काकींच्या वाट्याला आली होती. कालवण पानात पडलं की दादा म्हणणार, "मीठ कमी." दुसऱ्या दिवशी काकींनी वाढवलं की, "मीठ जास्त." बरोबर आहे, असं वाक्य त्या घरात कधी जन्मालाच आलं नव्हतं.

अशा माणसाला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी सांगितलं की मीठ जरा कमी करा. सल्ला बरोबरच होता. दादांनी विचारलं, कमी म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, चवीपुरतं. दादा घरी आले आणि काकींना म्हणाले, "मिठाच्या राशी मारल्या ह्या हातांनी. ह्या हातांनी चिमटी मोजत बसू? मीठ सोडलं." बस्स. आळणी भाकरी, आळणी कालवण, आळणी पेज. तोंडाला चव नाही म्हणून वर पाणी. त्यात गोळी चालूच. काकी म्हणाल्या, "मी बोलले, डाक्तरांनी कमी सांगितलंय, बंद न्हाय. तर मलाच ओरडले."

रक्ताचा रिपोर्ट आला. सोडियम खूपच खाली गेलं होतं. आमचे डॉक्टर तरुण, लातूरकडचे, मन लावून काम करणारे. त्यांनी गोळी बंद केली, पाणी मोजून द्यायला सांगितलं, सोडियम हळूहळू वर आणायचं ठरवलं, आणि नातेवाइकांना बोलावून समजावून सांगितलं की यांच्या रक्तातलं मीठ कमी झालंय, त्यामुळे मेंदूला सूज येते, माणूस भ्रमतो, आणखी खाली गेलं तर झटके येऊ शकतात, जीवाला धोका आहे.

मामांना एवढं सगळं ऐकूनही एकच ऐकू आलं. ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि फोनवर म्हणाले, "अरे, आपल्या दाजींच्या अंगातलं मीठ संपलं."

ही बातमी गावात कशी पोचली असेल ते मी सांगायला नको. ज्या गावाचं मीठ गाड्या भरभरून बाहेर जातं, त्या गावच्या मीठ बघणाऱ्याच्या अंगात मीठ नाही. हा आजार नव्हता, ही बेअब्रू होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. कुणाच्या हातात शहाळं नव्हतं, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच. कुणी सुके बोंबील आणले, कुणी खारवलेली सुरमई, कुणी सोडे, कुणी लोणच्याची बरणी. एका आजीने पदराच्या गाठीतून खडे मीठ काढून दादांच्या तोंडाशी नेलं, ते मी हवेतच पकडलं. दुपारपर्यंत आमच्या पुरुष वॉर्डला मासळीबाजाराचा वास यायला लागला. शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला रुग्ण, ज्याने आठवडाभर रुग्णालयाचं जेवण नको म्हटलं होतं, तो आपण होऊन जेवला.

आणि मामा आले डंपर घेऊन. मागे मिठाच्या गोणी.

"मामा, हे काय?"

"डंपर रिकामा कशाला आनायचा," मामा म्हणाले. "लागंल तेवढं घाला. कमी पडलं तर अजून हाय."

दादांची नात निकिता, तिची हळद आठवड्यावर आली होती. पत्रिका वाटून झाल्या होत्या. निकिता दारात उभी होती, हाताला मेंदीचा पहिला नमुना काढलेला. ती आजोबांकडे बघत होती, आणि आजोबा तिला विचारत होते, "बाय, तू कुनाची गं? बस ना." ती बसली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही न्हाय आलात तर माझ्या हळदीच्या टोपाला झाकण न्हाय पडनार." दादा म्हणाले, "कुनाची हळद?"

काकींनी तोंड फिरवलं.

डॉक्टरांनी सगळ्यांना परत समजावलं की मीठ घाईने वाढवणं हेही तितकंच धोक्याचं, मेंदूला इजा होते, ती भरून येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मामांनी विचारलं, "मग निदान पापड चालंल काय?"

तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, मामा, मिठागरात भरतीचं पाणी घेताना दार किती उघडता? मामा म्हणाले, थोडंच. म्हटलं, आणि एकदम उघडलं तर? मामा म्हणाले, "येडं काय? बांध फुटंल." म्हटलं, यांच्या डोक्यात तसाच बांध आहे. मीठ कमी झालंय हे खरं, पण सगळं एकदम आत सोडलं तर बांध फुटेल, आणि तो पुन्हा बांधता येत नाही. मग मामांनी बाहेर जाऊन स्वतःच सगळ्यांना सुनावलं, आणि डंपर मागे घेताना फाटकाचा खांब तेवढा वाकवला.

मिठाची लढाई जिंकली, पण पाण्याची खरी अवघड होती. मे महिन्यात, त्या घामाच्या हवेत, एखाद्याला मोजून पाणी द्यायचं म्हणजे देणाऱ्याचाही घसा सुकतो. दादा मागायचे. ओरडून मागितलं असतं तर बरं झालं असतं. ते हात जोडून मागायचे. आम्ही ओठांवर ओला कापूस फिरवायचो, चूळ भरायला द्यायचो. चूळ भरून थुंकायचं असतं हे त्यांना दर वेळी सांगायचं, आणि दर वेळी ते "व्हय बाय" म्हणून गिळायचे. मधल्या वेळेत त्यांचं मिठागर चालू असायचं. चादरीवर दोन्ही हातांनी मीठ ओढायचे, उशाशी रास करायचे, खिडकीकडे बोट करून म्हणायचे, "भरती आयली, दार लावा." मी जाऊन खिडकी लावून यायचे. त्याशिवाय ते निजत नसत. डॉक्टर फेरीला आले की उठून बसायचे आणि म्हणायचे, "मुकादम, आज सुट्टी द्या." डॉक्टर बिचारे म्हणायचे, उद्या बघू.

पण सोडियम हवं तसं वर येईना. सकाळी वजन केलं तर उलट वाढलेलं. डॉक्टर विचारात पडले. मी दादांपाशी गेले आणि म्हटलं, जीभ दाखवा. त्यांनी दाखवली. एवढं कमी पाणी मिळणाऱ्या माणसाची जीभ इतकी ओली, गार आणि गुळगुळीत नसते. उशी उचलली. उशी एका बाजूने भिजलेली. खाटेखाली वाकून बघितलं तर ताडगोळ्यांच्या सालींचा ढीग.

काकी स्टुलावर बसल्या होत्या. नजर वर करेनात.

"काकी, पाणी द्यायचं नाही सांगितलं होतं ना?"

"पानी कुठं दिलंय," काकी म्हणाल्या. "ताडगोले दिले."

"ताडगोळ्यात काय असतं मग?"

"ताडगोला काय पानी हाय? ते फल हाय."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझा आवाज चढला. म्हटलं, ह्या माणसाला इकडे आम्ही थेंबाथेंबाने वर काढतोय आणि तुम्ही बदाबदा खाली ढकलताय. काकी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांनी माझे पाय धरले. बोलले, मावशी, तुमची लेकरं सुखी ऱ्हाव, थोडं कायतरी गार द्या. ज्या मानसानं आजवर माझ्याकडं मागितलं न्हाय, नुसतं ओरडून घेतलं, तो पाय धरतो. मी काय दगडाची हाय? तो माझा नवरा असता तर दिलं नसतं. पन तो परका मानूस हाय ना आता. परक्याला न्हाय कसं बोलायचं?"

परिचर्येच्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर नाही. मी त्यांच्याशेजारी खाली बसले. म्हटलं, काकी, तो परका माणूस तुमच्या ताडगोळ्यांवर जगतोय. जितकं गार द्याल तितका तो राहील. तुमचा नवरा त्याच्या खाली बुडालाय. परक्याला तहानलेला ठेवलात तर हिराजीदादा वर येतील. आणि नाही ठेवलंत तर झटके येतील, मग दोघंही जातील.

काकी उठल्या, सगळ्या साली गोळा करून बाहेर टाकून आल्या, स्टूल उचललं आणि वॉर्डच्या दारात नेऊन ठेवलं. त्यानंतर दोन-तीन दिवस त्या दारातून कुणी काही आत नेऊ शकलं नाही. कलिंगडाची फोड झाकून आणणाऱ्या मामांना त्यांनी फोडीसकट परत पाठवलं. आमच्या आयाबाई स्वतःसाठी कोकम सरबत घेऊन चालल्या होत्या, त्यांनाही तोंड दाखवून जावं लागलं. आत दादा म्हणायचे, "मावशी, पानी." दाराकडून काकी म्हणायच्या, "न्हाय." आणि पदर डोळ्यांना लावायच्या. मी जवळून जाताना ते अश्रू बघायचे आणि मनात म्हणायचे, बरोबर एवढंच खारट, यापेक्षा नको.

सोडियम चढायला लागलं. हळू, डॉक्टरांना हवं तसं. चादरीवरचं मिठागर आधी आकसलं, मग बंद पडलं. दादा शांत झोपायला लागले. माणूस भानावर आला का हे बघायला डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारायचे. आज वार कोणता? दादा म्हणाले, "वार काय, सगले सारखेच. आज अष्टमी. भांग हाय, पानी जास्त चढनार न्हाय." भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी बेताची भरती, हे लातूरकडच्या माणसाला कुठून ठाऊक असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. अष्टमीच होती. पण काकींना त्याचं काही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तिथी त्यांना झोपेतबी कलते. मना अजून मावशीच बोलतात."

मग ती दुपार. रुग्णालयाचं जेवण आलं, वरण, भात, दुधी. आता मीठ बेताचं चालू केलं होतं. काकींनी वरणभात कालवला, घास भरवला. दादांनी तोंडात घोळवला. थांबले. कपाळाला आठी पडली. मी औषधाची ट्रॉली घेऊन दोन खाटा पलीकडे होते, आणि आख्ख्या वॉर्डने ऐकलं:

"पारू, हे कोनी केलंय? मीठ कुठाय ह्याच्यात?"

काकींचा हात तसाच राहिला. "काय बोललात?"

"कान फुटले काय तुझे? मीठ न्हाय बोलतो. एवढी वर्सं झाली, एक वरन धड..."

काकींनी ताट खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागल्या. डॉक्टर धावत आले. काय झालं, झटका आला का? काकींनी मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "ओरडतात, डाक्तर. मना ओरडतात." डॉक्टरांनी केसपेपर घेतला आणि लिहिलं, रुग्ण पूर्ण भानावर. लातूरकडच्या माणसालाही कळलं.

दादांना घरी सोडताना मी मीठ मोजायचा छोटा चमचा आणला आणि तो काकींच्या हातात दिला. दादांनी चमच्याकडे बघितलं. पण ओरडले नाहीत. बहुतेक सोडियम अजून पुरतं वर आलं नसावं.

निकिताच्या हळदीला मी गेले. आमंत्रण होतंच, शिवाय डॉक्टरांनी मला बजावलं होतं, सिस्टर, जाऊन लक्ष ठेवा. संध्याकाळ होती, अजून उजेड होता. मांडवात डीजेची जुळवाजुळव चालू होती, एका बाजूला धवलारीण लग्नाची जुनी गाणी म्हणत होती आणि डीजेवाल्याला डोळ्यांनी दम देत होती. मागच्या अंगणात टोप चढले होते. निकिता हळदीने माखलेल्या अंगाने तशीच उठून मागे आली होती, तिच्या मागून सगळ्या बायका. दादा आले. चपला काढल्या. आचाऱ्याने पळीने तळहातावर रस्सा घातला. दादांनी चाटला, डोळे मिटले.

सगळे थांबले. धवलारीणही थांबली.

दादा डोळे उघडेनात. मी पुढे सरकून त्यांच्या कपाळाचा चिमटा काढावा की काय असं मनात आलं. काकी माझ्याशेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. दादांनी परत रस्सा घेतला, परत चाटला. मग डोळे उघडले आणि हळू आवाजात म्हणाले, "मना न्हाय कलत."

आचाऱ्याने टोपाखालचं एक लाकूड मागे ओढलं.

"एवढे महिने आळणी खाल्लं. आता जीभ बिघडली. सगलंच खारं लागतं मना." त्यांनी टोपाकडे बघितलं, मग नातीकडे, मग गर्दीत कुणाला तरी शोधलं. पळी आचाऱ्याच्या हातातून घेतली आणि समोर धरली. "पारू, तू बघ."

काकी हलल्या नाहीत. त्यांना वाटलं, दादा पुन्हा भ्रमले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काकी, तुम्हालाच बोलवतायत. त्या पुढे गेल्या, चपला काढल्या, तळहातावर रस्सा घेतला. ज्या बाईला आयुष्यभर कमी आणि जास्त यांशिवाय काही ऐकायला मिळालं नव्हतं, तिने तो चाखला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. दादांकडे बघत म्हणाल्या, "कमी हाय." आणि मूठभर मीठ सोडलं, पळी फिरवली, परत चाखलं, मान हलवली.

"जास्त झालं," दादा म्हणाले.

काकींनी टोपावर झाकण ठेवलं.